ऊसतोडणीतील अपघात : कारणे व उपाय

दिवाळीच्या सुमारास सावेडीवरून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्याने ऊसतोड मजुरांची वाहने राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावकडे जाऊ लागतात. पाथर्डी, शेवगाव तालुक्यांतील व बीड जिल्ह्यातील ही कुटुंबे चार-पाच महिने आपल्या फडांत राबतात. फडात मजूर जखमी झाला की आपण 'निष्काळजीपणा' म्हणतो आणि तो स्वतः 'नशीब' म्हणतो. प्रत्यक्षात बरेचसे कारण कामाच्या रूढ रीतीत असते.

रीत कशी घातक ठरते?

तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल जोडीने ऊस तोडून फेडायची असते. काम बुडाले की खाडा पडतो व पैसे कापले जातात. एकजण बसला तर दुसऱ्याचेही काम अडते. त्यामुळे कोयता लागला तरी जखमेत हळद दाबून, चिंधी बांधून तोडणी चालूच राहते. दुखणे सोसण्याला शाबासकी मिळते; पण त्या सोसण्यामागे उचलीचा बोजा असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हाही खाड्याची भीती हे एक कारण म्हणून पुढे आले.

दुसरी अडचण परक्या मुलखाची. कोपीवर कोणाला साप चावला, तर जवळचा दवाखाना माहीत नसतो आणि गावाकडच्या सवयीने देवऋषी शोधला जातो. मोलाचा वेळ त्यातच जातो.

बागायतदारांनी काय करावे?

१. लोळलेल्या उसात कोयता निसटतो व सापही दिसत नाही. म्हणून मोठी बांधणी वेळेवर करून ऊस लोळू देऊ नये.

२. तोडणीपूर्वी फडातील उघडी विहीर, खड्डे व मोटारीच्या वायरी मुकादमासह सर्व मजुरांना दाखवाव्यात.

३. बोथट कोयत्याला जोर जास्त लागतो व तो घसरतो. धार लावण्यास सवड द्यावी.

४. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रक भरताना तोल जातो. रात्री भरणी असल्यास उजेडाची सोय करावी. बैलगाडीच्या मागे लाल परावर्तक लावण्याचा आग्रह धरावा.

५. कोयत्याची जखम स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखान्यात दाखवावी व धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे.

६. सर्पदंशात जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा.

सांगायचे कसे?

अनेक टोळ्यांत घरची बोली गोरमाटी असते. आपण बांधावरून दिलेली सूचना त्यांना हुकूम वाटते. तीच गोष्ट टोळीतील जाणत्या बाईने सांगितली तर पटते. म्हणून पहिल्याच दिवशी मुकादमाबरोबर टोळीतील एक-दोन जाणत्या स्त्रियांनाही बोलावून घ्यावे. जखमी मजुराचा खाडा धरू नये, असे मुकादमाकडून सर्वांसमक्ष कबूल करून घ्यावे. खाड्याची भीती गेली तरच मजूर जखम दाखवील आणि वेळेवर उपचार घेईल.