शेगावची केसगळती: टक्कल दिसतं एकसारखं, कारण वेगळं

हेडफोन सापडत नाही म्हणणाऱ्यांसाठी हा एपिसोड लिहून देतोय.

गोष्ट आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातली. डिसेंबर 2024 संपता संपता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटायला लागली. मग केस राठ, आणि तीन-चार दिवसांत हाताने नुसतं ओढलं तरी पुंजके बाहेर. लेकरं, बाया, म्हातारे, सगळेच. आधी संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर.

आता बुरशी ओळखतात कशी? डोक्यावरच्या नायट्यात ठिगळासारखा भाग दिसतो, वर कोंड्यासारखे पापुद्रे, आणि केस कातडीजवळच तुटून काळे ठिपके राहतात. हा बहुतेक लहान मुलांना होतो. चाईचं वेगळं: गोल, गुळगुळीत चकती, पापुद्रा नाही. शंका असली तर कातडी खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे शोधतात.

पण चाई काही गावभर एकाच आठवड्यात पडत नाही. आमच्या धंद्यात एकाच युजरचं ॲप बंद पडलं तर त्याचा फोन बघतो, सगळ्यांचं पडलं तर सर्व्हर.

विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी नेमकं तेच केलं. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. त्यांच्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात ते 35 पट आणि केसांत तब्बल 150 पट निघालं.

सेलेनियम गंधकाचा जवळचा भाऊ. केस आणि नखं केराटिनची, आणि केराटिन गंधकाच्या सांध्यांवर उभं असतं. गंधकाच्या जागी सेलेनियम बसलं की सांधा कच्चा. म्हणून एप्रिल 2025 मध्ये त्याच भागात नखं खराब होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा चित्र जुळलं. हाताचं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे मुळाशी झालेली इजा बाहेर दिसायला महिने जातात.

तर डॉक्टरला व्हॉट्सॲपवर नुसता डोक्याचा फोटो टाकून भागणार नाही. नखांचाही काढा. घरात, शेजारी आणखी कुणाला आहे, किती दिवसांत झालं, धान्य कुठलं, हेही लिहा. आणि दाखवायच्या आधी मेडिकलमधलं मिक्स मलम चोळू नका राव. त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. नायट्याची लाल कड पुसली जाते, खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरत राहते.