वृषणाचा कर्करोग ऐन पंचविशीत का होतो? वयानुसार त्याचे प्रकार कसे बदलतात?

भोसरी एमआयडीसीत शिफ्ट सुटली की गेटबाहेर पडणाऱ्या गर्दीत विशी-तिशीतले तरुणच जास्त दिसतात. आयटीआय करून आलेले अप्रेंटिस, सीएनसी ऑपरेटर, ठेकेदाराकडचे हेल्पर, रोज चाकणपर्यंत जाणारे वेल्डर. कर्करोग हा आजार या वयात कोणाच्या डोक्यातही येत नाही. तो वडिलांच्या किंवा आजोबांच्या वयाचा, तंबाखू खाणाऱ्यांचा आजार, असाच समज असतो.

पण एक कर्करोग नेमका याच वयात गाठतो. तो म्हणजे वृषणाचा, म्हणजेच अंडकोशातल्या गोटीचा कर्करोग. तो वेळेत सापडला तर जवळपास पूर्ण बरा होतो. अडचण अशी, की लाजेपायी तो वेळेत दाखवलाच जात नाही.

हा आजार किती जणांना होतो?

पुरुषांच्या एकूण कर्करोगांत याचा वाटा साधारण १ टक्का आहे. नॉर्वे, डेन्मार्कसारख्या देशांत दर लाख पुरुषांमागे वर्षाला १० च्या आसपास रुग्ण आढळतात. भारतात हेच प्रमाण लाखामागे १ पेक्षाही कमी आहे. म्हणजे आपल्याकडे हा आजार दुर्मिळ आहे, घाबरून जाण्याचं कारण नाही.

मात्र वय पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. तोंडाचा, फुप्फुसाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग वय वाढेल तसा वाढत जातो. वृषणाच्या कर्करोगात तसं होत नाही. त्याचे सर्वाधिक रुग्ण १५ ते ४० या वयोगटात असतात. चाळिशीनंतर प्रमाण उतरत जातं.

तरुण वयातच का?

बहुतेक कर्करोगांमागे वर्षानुवर्षांचा तंबाखू, धूर किंवा पेशींची झीज असते. इथे सुरुवात फार आधी, आईच्या पोटात झालेली असते असं संशोधक मानतात. वृषणात शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात, त्यांना जननपेशी म्हणतात. गर्भाच्या वाढीत यातल्या काही पेशी पक्व व्हायच्या राहून जातात आणि बालपणभर शांत पडून असतात. वयात येताना संप्रेरकांचा जोर वाढतो, तशा या पेशीही वाढू लागतात. पुढे काही वर्षांत त्यातून गाठ तयार होऊ शकते. म्हणून ही गाठ विशी-तिशीत दिसते.

वृषणाच्या सुमारे ९५ टक्के गाठी या जननपेशींपासूनच होतात.

कोणत्या वयात कोणता प्रकार?

लहान मुलं : साधारण तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलांमध्येही काही रुग्ण आढळतात. त्यात 'योक सॅक ट्यूमर' आणि 'टेराटोमा' हे दोन प्रकार मुख्य. वयात येण्याआधीचा टेराटोमा सहसा साधी गाठ असते, पसरत नाही. तोच टेराटोमा तरुण माणसात आढळला तर मात्र तो पसरू शकतो. नाव एकच, पण वय बदललं की वागणं बदलतं.

विशी ते तिशीची सुरुवात : या वयात 'नॉन-सेमिनोमा' गटातल्या गाठी जास्त. त्या तुलनेने वेगाने वाढतात आणि एकाच गाठीत दोन-तीन प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात.

तिशी ते चाळिशी : इथे 'सेमिनोमा' जास्त आढळतो. तो सहसा सावकाश वाढतो आणि रेडिएशन व केमोथेरपी या दोन्हींना चांगला प्रतिसाद देतो.

पन्नाशीनंतर : 'स्परमॅटोसायटिक ट्यूमर' हा दुर्मिळ प्रकार प्रामुख्याने याच वयात दिसतो. तो क्वचितच पसरतो.

साठीनंतर : या वयात वृषणात आढळणारा सर्वांत नेहमीचा कर्करोग जननपेशींचा नसून 'लिम्फोमा' असतो, म्हणजे लिम्फ ग्रंथींशी संबंधित पेशींचा. तो दोन्ही बाजूंना होऊ शकतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

त्यामुळे गाठ समोर आली की रुग्णाचं वय हाच डॉक्टरांसाठी पहिला धागा ठरतो.

धोका कोणाला जास्त?

जन्मतः एक किंवा दोन्ही वृषणं पोटातून खाली उतरलेली नसतील तर पुढे कर्करोगाचा धोका काही पटींनी वाढतो. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती आपोआप उतरू शकतात. नाही उतरली तर साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया करून घेण्याचा सल्ला दिला जातो. 'मोठा झाला की होईल ठीक' म्हणत ती टाळणं महागात पडू शकतं. वडील किंवा भावाला हा आजार झाला असेल, किंवा आधी एका बाजूला होऊन गेला असेल, तरीही धोका जास्त असतो.

मार लागल्यामुळे मात्र हा कर्करोग होत नाही. बाइकवरून पडल्यावर किंवा कामावर काही लागल्यावर हात तिथे जातो आणि आधीपासूनच असलेली गाठ लक्षात येते, इतकंच.

लक्षणं कोणती?

सर्वांत महत्त्वाचं लक्षण म्हणजे न दुखणारी कडक गाठ किंवा एका बाजूची सूज. दुखत नाही म्हणूनच ती दुर्लक्षित राहते. काहींना जडपणा जाणवतो, काहींना मंद दुखतं. आजार पसरला असेल तर पाठदुखी, धाप किंवा मानेत गाठ दिसू शकते. पाठदुखी होण्याचं कारण म्हणजे इथला कर्करोग आधी पोटाच्या मागच्या भागातल्या लिम्फ ग्रंथींत जातो. दिवसभर ओझं उचलणाऱ्या कामगाराला ती कामाची पाठदुखी वाटते आणि गोळी घेऊन वेळ निघून जाते.

प्रत्येक सूज कर्करोग नसते. अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसील, किंवा जंतुसंसर्गही असू शकतो. फरक सोनोग्राफीत कळतो. अचानक तीव्र दुखू लागलं तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी काही तासांतच रुग्णालय गाठायला हवं.

निदान आणि उपचार कसे होतात?

सोनोग्राफीनंतर एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्ताच्या चाचण्या होतात. शुद्ध सेमिनोमात एएफपी वाढत नाही, त्यामुळे प्रकार ओळखायला मदत होते. संशय पक्का असेल तर अंडकोशात सुई घालून तपासणी करत नाहीत. जांघेतून छेद घेऊन पूर्ण वृषण काढलं जातं. त्यानंतर प्रकार आणि टप्पा पाहून देखरेख, केमोथेरपी किंवा रेडिएशन ठरतं.

एक वृषण निरोगी असेल तर लैंगिक आयुष्य आणि मूल होण्याची क्षमता सहसा टिकते. तरीही केमोथेरपीआधी शुक्राणू साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन या औषधावर आधारित उपचार सुरू केले आणि पसरलेला आजारही बरा होऊ लागला. आज अमेरिकेत पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्या रुग्णांचं प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे. क्रिकेटपटू युवराज सिंगला २०१२ मध्ये याच डॉक्टरांनी तपासलं होतं. त्याची गाठ छातीत, दोन फुप्फुसांच्या मधे होती, पण ती जननपेशींचीच, सेमिनोमा प्रकारची होती. तेव्हा तो ३० वर्षांचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा भारताकडून खेळला.

भोसरीत कुठे दाखवायचं?

पिंपरीतल्या वायसीएम रुग्णालयाच्या सर्जरी विभागात दाखवता येतं. ईएसआयचं कार्ड असेल तर चिंचवडच्या मोहननगरमध्ये ईएसआय रुग्णालय आहे. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्याचीही ईएसआय कपात होत असेल तर त्याला हा हक्क आहे. ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत कर्करोग येतो. अटी पूर्ण होत असतील तर उपचारांच्या काळात वेतनाच्या ८० टक्के भत्ता मिळू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीचा समावेश आहे.

महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी दोन्ही बाजू बोटांनी चाचपून पाहायला दोन मिनिटं लागतात. एक बाजू थोडी मोठी किंवा खाली असणं आणि मागच्या बाजूला मऊ दोरीसारखी नळी लागणं स्वाभाविक आहे. कडक गाठ लागली आणि ती दुखत नसली, तरी पुढच्या सुट्टीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं.