देहधारणेचे चिंतन

नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारापासून ख्रिस्ती मंडळी ज्या देहधारणेचे चिंतन करीत प्रार्थनेस बसतात, ती, म्हणजे अनादि परमेश्वराने बेथलेहेमात दरिद्री कुटुंबात मनुष्यजन्म पत्करला ही श्रद्धा, रामकथेत वाढलेल्या नाशिककरास सहज उमगते खरी. परंतु अवतार अनेक, देहधारण मात्र एकदाच, हा भेद नजरेआड करता येत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी हीच ख्रिस्तकथा ओवीबद्ध ‘ख्रिस्तायना’त मांडावयास घेतली, १९१९ साली त्यांचे देहावसान झाल्यावर ते अपुरे काम नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तडीस नेले, आणि माझ्या मते पोथीप्रमाणे मोठ्याने वाचल्यावाचून त्या काव्याचा स्वाद कळत नाही.