सुतकातील घरी पाठवावयाचे अन्न : पूर्वतयारी व नियोजन

एखाद्या घरी निधन झाले की पहिले तीन दिवस तेथे डब्यांची रीघ लागते आणि चौथ्या दिवसापासून ती आटते, हा आपल्या बडोद्यातील बहुतेक मराठी घरांचा अनुभव आहे. पहिल्या दिवशी पाच घरांतून पिठले-भात येतो, त्यातील तीन घरांचा तसाच उरतो व दुसऱ्या दिवशी टाकून द्यावा लागतो. आठव्या दिवशी मात्र घरातील सून रात्री दहा वाजता विचारते, की आता पाहुण्यांच्या पानात काय वाढू? आप्तेष्टांच्या भावनेत काही उणे नसते. उणीव असते ती नियोजनाची. या विषयाची विचारणा संस्थेच्या कार्यालयात वारंवार होत असल्यामुळे येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे. आपला कुलाचार व घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द हाच अंतिम समजावा, हे आरंभीच नमूद करतो.

पार्थिव घरात असेपर्यंत चूल पेटत नाही व घरातील मंडळी काही खात नाहीत, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. परंतु लहान मुले, आजारी माणसे, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना हा नियम लागू करू नये. धर्मशास्त्रानेही बाल, वृद्ध व आतुर यांना सवलत दिलेली आहे. मुलांना शेजारच्या घरी नेऊन वेळेवर जेवू घालणे, हे त्या दिवशीचे सर्वांत उपयोगी काम आहे आणि नेमके तेच कोणाच्या लक्षात राहत नाही. मंडळी खासवाडीहून परतून स्नान आटोपेपर्यंत बहुधा दुपार टळलेली असते. त्यानंतरचे पहिले जेवण, ज्यास आपण ‘कडू घास’ म्हणतो, ते शेजाऱ्यांनी किंवा सोयऱ्यांनी आणावयाचे असते. यासाठी एकाच घराने जबाबदारी घ्यावी. पिठले, भात, शक्य असल्यास भाकरी, एवढेच पुरे. त्या जेवणात कोणाला रुची नसते, दोन घास पोटात जावेत एवढाच हेतू असतो. म्हणून नेहमीच्या प्रमाणाच्या निम्मे अन्न नेले तरी पुरते.

आपण पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहत असल्यामुळे ‘बेसणे’ आता आपल्याही घरांत रूढ झाले आहे. त्यासाठी खाद्यपदार्थांची तयारी करण्याचे कारण नाही. लोक ठरावीक तासाभरात येतात, तसबिरीसमोर हात जोडतात, थोडा वेळ बसतात व निघून जातात. पिण्याचे पाणी मुबलक ठेवावे. उन्हाळ्यात बेसणे असेल तर माठ किंवा पाण्याचे मोठे जार आदल्या रात्रीच सांगून ठेवावेत. काही घरी हल्ली चहा व बिस्किटे फिरवतात. ती प्रथा वाढू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चहा करणारे हात शेवटी त्याच घरातील असतात. जेवणाचा खरा प्रश्न मुंबई-पुण्याहून, इंदूर-ग्वाल्हेरहून आलेल्या आणि मुक्कामास राहणाऱ्या पाहुण्यांचा असतो. त्यांतील काही जुन्या वळणाची मंडळी सुतकाच्या घरी अन्न घेत नाहीत. त्यांची सोय दोन-तीन शेजारी घरांत वाटून दिली म्हणजे कोणाचाच अवमान होत नाही व घरातील स्त्रियांवर भारही पडत नाही.

नियोजन लागते ते चौथ्या ते नवव्या दिवसापर्यंतचे. यासाठी एक साधी वही पुरते. घराबाहेरील, परंतु घरोब्याच्या एका व्यक्तीने ती आपल्याकडे ठेवावी. ही व्यक्ती सुतकातील नसावी आणि तिचा दूरध्वनी क्रमांक सर्वांना माहीत असावा. प्रत्येक दिवसाची सकाळ व संध्याकाळ अशा दोन ओळी आखाव्यात, त्यापुढे कोणाचा डबा येणार ते लिहावे आणि किती माणसे जेवणार ते रोज सकाळी विचारून घ्यावे. हल्ली हे काम व्हॉट्सअ‍ॅपवर करतात. परंतु तेथे ‘काही लागल्यास सांगा’ असे वीस जण लिहितात आणि डबा कोणाचा हे ठरतच नाही. ‘काही लागल्यास सांगा’ हे वाक्य दुःखातील माणसावर आणखी एक काम टाकते. त्याऐवजी ‘गुरुवारी संध्याकाळचे सात माणसांचे जेवण मी आणतो’ असे सांगावे. विवाहित कन्येस आई-वडिलांचे सुतक तीन दिवसांचे असते. त्यामुळे चौथ्या दिवसापासून तिच्या सासरकडून डबा येण्यास सामान्यतः अडचण नसते. ही गोष्ट वही ठेवणाऱ्याने ध्यानात घ्यावी, म्हणजे मधले दिवस भरून निघतात. गुजराती शेजारी मोठ्या आस्थेने खिचडी-कढी आणतात. त्यांनाही दिवस नेमून द्यावा, त्यांना परके समजून वगळू नये.

डब्यात काय असावे हे ठरविण्यापूर्वी त्या घरच्या ज्येष्ठ स्त्रीस विचारावे. सुतकात गोड व तळलेले पदार्थ करीत नाहीत, हे सर्वसाधारण. कांदा-लसूण बहुतेक घरी वर्ज्य. काही घरी फोडणीसुद्धा देत नाहीत, काही घरी फोडणीचे पिठले चालते. न विचारता नेलेला बटाटेवडा कितीही उत्तम असला तरी तो त्या घरी संकोचाचा विषय होतो.

शिजवलेल्या जेवणाच्या डब्यांबरोबरच टिकाऊ कोरडे जिन्नस आधी पोहोचविणे फार उपयोगाचे ठरते. मेतकूट, भाजणी, लसूण न घातलेली शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेले पोहे, मुगाची भाजून ठेवलेली डाळ हे पदार्थ कोरड्या डब्यात अनेक दिवस राहतात. रात्री उशिरा गाडीने कोणी आले, तर कुकरमध्ये वाटीभर तांदूळ लावून मेतकूट-भात होतो आणि भाजणीचे थालीपीठ दहा मिनिटांत तव्यावर लागते. वृद्ध माणसांना, ज्यांना दुःखाने घास गिळवत नाही, त्यांना मऊ भात, मेतकूट व थोडे साजूक तूप एवढेच जाते. आपल्या आज्या-पणज्या हे जिन्नस घरी बारा महिने का करून ठेवीत, त्याचे एक कारण हेही असावे.

पोळ्या आदल्या दिवशी करून नेण्यास हरकत नाही, मात्र त्या पूर्ण गार झाल्यावर सुती फडक्यात गुंडाळाव्यात. गरम पोळ्या झाकणबंद डब्यात ठेवल्या की वाफेचे पाणी सुटते आणि चिकट होऊन त्या लवकर खराब होतात. उन्हाळ्यात मात्र त्याच दिवशीच्या नेणे बरे.

भाताविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पोट बिघडण्याचे प्रकार बहुधा उरलेल्या भातामुळे होतात. तांदळात असणाऱ्या एका जातीच्या सूक्ष्म जंतूंचे बीज शिजविल्यानेही मरत नाही. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते जंतू वाढतात व विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. म्हणून ‘उकळी आणली म्हणजे झाले’ ही समजूत चुकीची आहे. शिजवलेले अन्न एक तर वाफाळते, म्हणजे ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे, नाही तर फ्रिजमध्ये ५ अंशांच्या खाली. या दोहोंच्या मधल्या उष्णतेत दोन तासांहून अधिक ठेवू नये. बडोद्याच्या एप्रिल-मे महिन्यांत एका तासाहून अधिक नको. मोठ्या पातेल्यातील आमटी किंवा खिचडी तशीच झाकून ठेवली तर तिचा मधला भाग रात्रभर कोमट राहतो. तेव्हा ती दोन-तीन पसरट भांड्यांत काढावी, भात परातीत पसरावा, आणि गार होताच फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करावे व उरेल ते टाकावे. ओल्या नारळाची चटणी, ताकातला भात, दुधाचे पदार्थ अशा प्रसंगी पाठवूच नयेत. दुःखाच्या घरी कोणी डब्याकडे लक्ष देत नाही, तो ओट्यावर चार तास पडून राहतो, हे गृहीत धरूनच पदार्थ निवडावा.

प्रमाणाबाबत अनुभवाचे काही आकडे देतो. नुसता पिठले-भात असेल तर एक किलो तांदूळ दहा ते बारा माणसांना पुरतो, बरोबर पोळ्या असतील तर पंधरा ते अठरा जणांना. एक किलो डाळीच्या पिठाचे पिठले साधारण तीस माणसांचे होते. आमटीसाठी एक किलो तूरडाळ वीस-पंचवीस जणांना पुरे. मुगाच्या खिचडीस एक किलो तांदूळ व अर्धा किलो डाळ धरली तर सुमारे पंधरा माणसे जेवतात. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या तीस-पस्तीस पोळ्या होतात. पहिल्या तीन दिवसांत यातून एक तृतीयांश खुशाल वजा करावा. आठव्या-नवव्या दिवशी मात्र भूक परत आलेली असते व माणसेही वाढलेली असतात, तेव्हा पूर्ण प्रमाण धरावे.

आता एका महत्त्वाच्या बाबीकडे लक्ष वेधतो. ज्या घरी पती किंवा पत्नी मागे राहते, तेथे ती व्यक्ती बहुधा साठी-सत्तरीची असते व अनेकदा तिला मधुमेह असतो. सवयीने गोळी किंवा इन्सुलिन घेतले जाते आणि जेवण मात्र दोन-तीन तास लांबते, किंवा पानावरून तसेच उठणे होते. अशाने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, हातापायांची थरथर, बोलण्यातील असंबद्धपणा ही त्याची लक्षणे आहेत. ‘दुःखाने असे होत आहे’ असे समजून त्यांकडे दुर्लक्ष होते, हा यातील खरा धोका आहे. त्या व्यक्तीस ताबडतोब साखरेचे पाणी द्यावे व मागोमाग काही खावयास द्यावे. सुतकात गोड चालत नाही हा विचार त्या क्षणी मनातही आणू नये. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. वहीच्या पहिल्याच पानावर घरातील अशा व्यक्तींची नावे, औषधाच्या वेळा व जेवणाची वेळ लिहून ठेवावी आणि त्यांचे पान इतरांसाठी न थांबता वाढावे. उच्च रक्तदाब असलेल्यांच्या डब्यात लोणचे-पापड न घालणेही योग्य.

दहाव्याच्या क्रियेसाठी आपल्यापैकी अनेक घरे चांदोद येथे नर्मदा-ओरसंग संगमावर जातात. बडोद्याहून हे अंतर सुमारे ५० किलोमीटर. पहाटे निघाले तरी पिंडदान, काकस्पर्शाची प्रतीक्षा व स्नान होईपर्यंत मध्यान्ह उलटते. क्रिया करणारा उपाशी असतो, परंतु बरोबरच्या वृद्धांना व मुलांना उपाशी ठेवण्याचे प्रयोजन नाही. येथे दशम्यांसारखा दुसरा पदार्थ नाही. दुधात भिजविलेल्या कणकेच्या या पोळ्या मऊ राहतात, आणि दुधात भिजविल्यामुळे त्या खरकट्या मानल्या जात नसल्याने जुनी माणसेही प्रवासात त्या निःशंक घेत. दर माणशी तीन दशम्या, कोरडी चटणी व पाण्याची बाटली अशी पुडकी आदल्या संध्याकाळी बांधून ठेवावीत. गुजराती शेजाऱ्यांकडील थेपलेही याच गुणाचे, फक्त त्यात लसूण नसल्याची खात्री करावी.

अकराव्या-बाराव्याचे विधी व ब्राह्मणभोजन यांचा स्वयंपाक शास्त्राप्रमाणे त्याच दिवशी ताजा होतो, त्यात पूर्वतयारीस फारसा वाव नाही. भाज्या आणून ठेवणे, डाळी निवडणे, आमसुले व इतर सामान जमविणे एवढे आधी करता येते. तेराव्याच्या गोड जेवणाविषयी मात्र सांगावेसे वाटते. सुतक फिटून आप्तांनी त्या घरास पुन्हा नित्याच्या जीवनात आणावे, हा त्यामागील भाव आहे. दोनशे पाने उठविण्यासाठी कर्ज काढावे असे कोणत्याही ग्रंथात सांगितलेले माझ्या वाचनात नाही. राजस्थानात तर अशा जेवणावळींना आळा घालण्यासाठी १९६० साली कायदाच करावा लागला. निकटचे नातलग, खांदेकरी आणि ज्यांनी त्या बारा दिवसांत डबे पुरविले ती घरे, एवढ्यांना बोलवावे. लाडू दोन-तीन दिवस आधी वळता येतात, पण ते सुतक नसलेल्या घरी वळवून घ्यावेत. श्रीखंडाचा चक्का आदल्या रात्री बांधावा व तयार श्रीखंड वाढेपर्यंत फ्रिजमध्येच असावे. दिवंगत व्यक्तीच्या आवडीचा एक पदार्थ पानात असावा, ही रीत जरूर पाळावी.

शेवटी डब्यांविषयी. आपला डबा ओळखू यावा म्हणून त्यावर नावाची चिकटपट्टी लावावी, आणि तो परत मागण्यासाठी तेरावा होईपर्यंत दूरध्वनी करू नये. एरवी आपण शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत पाठवीत नाही. या प्रसंगी तो रिकामाच येईल व तसाच घ्यावा. वही ठेवणाऱ्याने दर दोन दिवसांनी डबे गोळा करून ज्याचे त्यास पोहोचवावेत, नाही तर चौदाव्या दिवशी घरच्यांपुढे पंचवीस अनोळखी झाकणे उरतात. मोठी पातेली, पराती, पाण्याच्या टाक्या व वाढपाची भांडी संस्थेच्या भांडारातून मिळू शकतात. त्यासाठी सुतकातील व्यक्तीने स्वतः येण्याची आवश्यकता नाही. शेजाऱ्याने कार्यालयीन वेळेत येऊन नोंदवहीत सही करावी व भांडी घासून, मोजून परत करावीत.

— सचिव