मोटर चालू असली की मुंग्या येतात

नोव्हेंबरात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पाटावर बसून आंघोळ करायला साफ मनाई केली. उंच स्टुलावर बसायचं, वाकायचं नाही, बादलीतून तांब्याने पाणी घ्यायचं नाही. म्हणजे शॉवर हवा. आमच्या रामबागेतल्या घराच्या न्हाणीघरात शॉवर नावाची वस्तू आहे, पण तिच्यातून गरम पाणी कधीच आलेलं नाही. तिथे आहे तीन लिटरचा इन्स्टंट गीझर, 2006 साली बसवलेला, आणि त्याखाली बादली. इंदूरच्या जानेवारीत सकाळी साडेसहाला ती बादली भरेपर्यंत माणूस गारठून जातो.

मी म्हटलं, यात काय अवघड आहे, आपण इलेक्ट्रिक शॉवर लावून टाकू.

हा आत्मविश्वास लेस्टरहून आलेला. कंपनीने दोन वर्षं तिकडे पाठवलं होतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर एक पांढरा डबा होता. छताला लोंबणारी दोरी ओढायची, बटण दाबायचं, की दहा सेकंदांत गरम पाणी. टाकी नाही, वाट बघणं नाही. तसलाच डबा मागवून इथे लावायचा असं मी मनात ठरवूनही टाकलं. मग रात्री सहज कागदावर हिशेब केला आणि तिथेच गाडी अडली.

हिशेब दहावीच्या भौतिकशास्त्राचा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल लागतात. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी थंडीत पहाटे 15 अंशांच्या आसपास असतं, अंगावर घ्यायला 40 हवं. म्हणजे 25 अंशांची चढण. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर एवढी चढण मिनिटाला फक्त पावणेदोन लिटर पाण्यालाच चढवू शकतो. 18 लिटरची बादली भरायला साडेदहा मिनिटं लागतात ती यामुळेच. नळ जास्त सोडला तर पाणी कोमट येतं, यात गीझरचा काही दोष नाही. लेस्टरचा तो डबा साडेनऊ किलोवॉटचा होता, म्हणून मिनिटाला साडेपाच लिटर देत होता. पण तो एकटा 40 अँपिअर खातो. त्याच्यासाठी तिकडे मुख्य बोर्डापासून थेट 10 स्क्वेअर एमएमची जाड केबल आणलेली असते. आमच्या घराचा मंजूर लोड आहे तीन किलोवॉट. शिवाय त्या डब्याला पाण्याचा दाब साधारण एक बार तरी लागतो. गच्चीवरच्या टाकीतून दर मीटर उंचीला 0.1 बार मिळतो. आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम पाच मीटर. म्हणजे वीजही कमी आणि दाबही कमी.

तेव्हा इलेक्ट्रिक शॉवर बाद. उरला साठवणीचा गीझर. 25 लिटरची टाकी, दोन किलोवॉट. पाणी 15 पासून 60 अंशांपर्यंत तापायला चाळीस मिनिटं लागतात, पण मग त्यात गार पाणी मिसळून 40 अंशांचं 45 लिटर पाणी मिळतं, तेही हव्या त्या धारेने. म्हणजे घाईची वीज कमी आणि आंघोळ आरामाची. आमच्या आजीचा तांब्याचा बंब याच तत्त्वावर चालायचा, फक्त त्याला पहाटे कोणीतरी उठून लाकडं घालावी लागत. तो बंब अजून माळ्यावर आहे. बाबा विकू देत नाहीत.

महाराणी रोडला जाऊन गीझर घेऊन आलो. पाच स्टारचा घेतला, कारण साठवणीच्या गीझरमध्ये स्टार हे मुख्यतः तापलेलं पाणी नुसतं उभं असताना किती उष्णता वाया जाते त्याचे असतात, आणि आमच्याकडे बटण बंद करायला विसरण्याची परंपरा आहे. इथवर ही गोष्ट खरेदीची होती.

गीझर घरी आला त्या दिवशी आई सहज म्हणाली, "चला, आता मुंग्या तरी येणार नाहीत."

"कसल्या मुंग्या?"

"अरे, नळाला हात लावला की. रोज नाही येत. मोटर चालू असली की येतात."

मी हातातला चहा खाली ठेवला. विचारत गेलो तसतसं एकेक बाहेर आलं. हे वर्षभर चाललं होतं. आई आंघोळीला रबरी चप्पल घालून जात होती. नळ बंद करताना कोरडा पंचा गुंडाळत होती. बोअरची मोटर चालू असेल तर आंघोळ पुढे ढकलत होती. बाबांना सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "मला तर नाही लागत." बाबा नंतर, दुपारी, मोटर बंद झाल्यावर आंघोळ करतात. आणि मला? मला तिने दिवाळीच्या आधी फोनवर सांगितलं होतं. मी कॉलवर होतो. "बघतो गं आल्यावर," म्हणालो आणि विसरलो. गेली बारा वर्षं पोट भरतो ते लोकांच्या सिस्टीममधले कधीतरीच दिसणारे बग शोधून. आईने मला बग आणि तो कधी येतो ते, दोन्ही सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. आमच्या गल्लीत तीस वर्षं काम करणारे वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांनाच. माझा अंदाज होता की जुन्या गीझरचं एलिमेंट क्षार चढून तडकलं असणार आणि वीज पाण्यात उतरत असणार. असं होतं, बोअरच्या जड पाण्यात तर हमखास. मिस्त्रींनी जुना गीझर उतरवायच्या आधी मल्टिमीटर काढला. एक टोक नळाला. दुसरं टोक कुठे लावायचं? त्यांनी लांब वायर घेतली, तिला स्क्रूड्रायव्हर जोडला आणि अंगणातल्या ओल्या मातीत खुपसला, तुळशीच्या अगदी शेजारी. आईने खिडकीतून बघितलं आणि स्क्रूड्रायव्हर दोन हात लांब, कर्दळीपाशी गेला.

सगळं बंद असताना मीटर जवळजवळ शून्य. गीझर चालू केला, 6 व्होल्ट. गीझर आणि मोटर दोन्ही चालू, 11 व्होल्ट. अकरा व्होल्ट म्हणजे कोरड्या हाताला कळतही नाहीत. पण ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की कळतात, कारण भिजलेल्या कातडीचा रोध खूपच कमी होतो.

मग त्यांनी गीझरची वायर पूर्ण काढली आणि सॉकेटच्या अर्थच्या भोकात टोक घातलं. तिथून कर्दळीपर्यंत, मोटर चालू असताना, तरीही व्होल्टेज होतंच. म्हणजे गीझर निर्दोष होता! सॉकेटची प्लेट उघडली. आत अर्थच्या पिनपासून न्यूट्रलच्या पिनपर्यंत बोटभर काळी वायर जोडलेली.

"भिया, इसमें अर्थिंग तो है ही नहीं," मिस्त्री म्हणाले. "न्यूट्रल को ही अर्थ बना दिया है."

2006 साली काय झालं असणार ते बाबांना बरोबर आठवलं. गीझर लावायला आलेल्या माणसाने अर्थिंग नाही म्हणून काम करायला नकार दिला होता. मग कोणालातरी बोलावलं, त्याने "कर देता हूँ" म्हटलं आणि दहा मिनिटांत केलं. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून दाखवला, बल्ब लख्ख पेटला, सगळे खूश. पेटणारच, तो न्यूट्रलवर पेटला होता. आमच्या धंद्यात याला म्हणतात टेस्टमध्येच 'पास' लिहून ठेवणं.

पण मग मोटरचा काय संबंध? तो सापडला मीटरखालच्या जुन्या लोखंडी मेन स्विचमध्ये. न्यूट्रलचा जोड सैल होऊन काळा पडला होता, शेजारचं प्लास्टिक वितळलं होतं. घरात जितका जास्त करंट तितका त्या सैल जोडावर व्होल्टेजचा फरक. मोटर चालू झाली की घरातला न्यूट्रल जमिनीपेक्षा काही व्होल्ट वर उचलला जायचा, आणि न्यूट्रल म्हणजेच अर्थ, अर्थ म्हणजे गीझरचं शरीर, तिथून नळापर्यंत जुना लोखंडी पाइप. आईच्या मुंग्या नेमक्या तिथून येत होत्या.

पुढचं मिस्त्रींनी फार शांतपणे सांगितलं. तो जोड आणखी थोडा ढिला होऊन पूर्ण सुटला असता, तर घरातला एखादा पंखा किंवा फ्रिज चालू असणं पुरेसं होतं. फेज त्या उपकरणातून न्यूट्रलमध्ये येतो, परतीचा रस्ता तुटलेला, मग घरभरचा न्यूट्रल जिवंत होतो. गीझरचं बटण बंद असतं तरी नळावर पूर्ण 230 व्होल्ट. आणि मी नवा कोरा पाच स्टारचा गीझर त्याच सॉकेटला लावणार होतो. मुंग्या थांबल्याच नसत्या, फक्त आईने त्या सांगणं बंद केलं असतं, कारण आता तर नवीन आणलाय ना.

काम तीन दिवस चाललं. अंगणात खड्डा घेऊन नवं अर्थिंग केलं. रॉड आणि भोवती ओल धरून ठेवणारी पावडर. मिस्त्रींनी कुठून तरी अर्थ टेस्टर आणला, रीडिंग 2.8 ओहम आलं. पाचच्या आत आलं म्हणून ते समाधानी झाले. मेन स्विच काढून नवा बोर्ड लावला. गीझरला स्वतंत्र 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 16 अँपिअरचं सॉकेट, वेगळा एमसीबी. आणि संपूर्ण घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी.

यावर थोडं थांबतो, कारण बाबांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच होता: एमसीबी आहे ना, मग हे आणखी कशाला? एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. 20 अँपिअरचा एमसीबी 20 अँपिअरपर्यंत गप्प बसतो, आणि माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी करंट पुरतो. आरसीसीबी किराणा दुकानदारासारखा हिशेब ठेवतो. फेजमधून जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. 30 मिलिअँपिअरची तूट दिसली, म्हणजे तो कुठेतरी गळतोय, कदाचित कोणाच्या अंगातून, की सेकंदाच्या काही अंशात तो घर बंद करतो. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला नाही तर बदलायचा. तुमच्या बोर्डावर असं बटण आहे का ते आज बघा. नसेल तर स्वतः प्लेट उघडू नका, जाणत्याला बोलवा, आणि त्याने बल्ब पेटवून दाखवला तर प्लेट उघडून न्यूट्रलची वायरही दाखवायला सांगा.

आमचा आरसीसीबी मात्र पहिल्याच संध्याकाळी रुसला. घरातली जुनी अर्थची तार नव्या अर्थिंगला जोडली आणि फ्रिज चालू होताच खट्. पुन्हा लावला, पुन्हा खट्. बाबा म्हणाले, "नवीन वस्तू, खराब निघाली." मिस्त्रींनी स्वयंपाकघरातल्या फ्रिजमागचं सॉकेट उघडलं. तिथेही तीच बोटभर काळी वायर. करंट परतताना थोडा नव्या अर्थमधून निसटत होता आणि हिशेब जुळत नव्हता. खराब काहीच नव्हतं, उलट ते यंत्र आल्या दिवसापासून कामाला लागलं होतं. मग आम्ही घरातलं प्रत्येक सॉकेट उघडून पाहिलं. आणखी एक निघालं, बैठकीत, टीव्हीमागे.

गीझरला साडेनऊ हजार लागले, बाकीच्या कामाला चौदा. बाबांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून मेन स्विचमधला तो वितळलेला तुकडा मागून घेतला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

आता भिंतीवर हँड शॉवर आहे, तो सरकत्या दांड्यावर खाली येतो. शेजारी धरायला स्टीलचा दांडा, आणि आईचं उंच प्लास्टिकचं स्टूल. थर्मोस्टॅट मी 60 ऐवजी 50च्या थोडा वर ठेवलाय. पाणी जितकं जास्त तापेल तितका क्षार जास्त बसतो, आणि 60 अंशांचं पाणी थेट अंगावर आलं तर काही सेकंदांत भाजतं. आत एक मॅग्नेशियमची कांडी असते, टाकीऐवजी ती झिजते. आमच्या पाण्यात वर्षा-दीड वर्षाने ती तपासायची, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. यावेळी फोनवर ऐकलेल्या भरवशावर नाही ठेवलं.

आई आता मोटर चालू असतानाही आंघोळ करते. रबरी चप्पल मात्र अजून घालूनच जाते. विचारलं तर म्हणते, फरशी गार लागते.