माणगाव नाक्यावरचा प्रश्न : सरकारी की खासगी?

माणगावच्या नाक्यावर गाडी अडकली की चहा येतो, वडापाव येतो आणि गप्पांना ऊत येतो. पुढच्या कोंडीसाठी हा थोडा खुराक.

एक गाडी, दोन धनी. 2017 मध्ये एसटीची ‘शिवशाही’ आली तेव्हा तिच्यातल्या बऱ्याच गाड्या भाड्याच्या होत्या. स्टेअरिंगवर ठेकेदाराचा ड्रायव्हर, तिकिटाचं मशीन मात्र महामंडळाच्या कंडक्टरकडे.

सव्वीस टक्क्यांत किल्ली. नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना सरकारी ‘आयपीसीएल’चा. 2002 मध्ये सरकारने कंपनीतला फक्त 26 टक्के हिस्सा 1,491 कोटींना रिलायन्सला विकला आणि कारभारही सोपवला. 2007 मध्ये ‘आयपीसीएल’ रिलायन्समध्ये विलीनच झाली.

आपण अडकलोय तो मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर दिलं. म्हणजे पैसा कंपनीने घालायचा आणि टोलमधून वसूल करायचा. काम इतकं रखडलं की शेवटी सरकारलाच खिशात हात घालावा लागला.

बुडालं तेही खासगीच. दिघी बंदर पहिल्यापासून खासगी. कर्जापायी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 2021 मध्ये अदानी समूहाने ती 705 कोटींना घेतली. उरणच्या जेएनपीटीची तऱ्हा वेगळी : 1989 मध्ये सुरू झालेलं हे बंदर सरकारी, पण 1999 पासून तिथे खासगी टर्मिनलही चालू लागलं.

पाच भागीदारांची रेल्वे. माणगाव स्टेशन ज्या रोहा-वीर टप्प्यावर आहे, तो 1993 मध्येच सुरू झाला. कोकण रेल्वे सरकारी खरी, पण उभी राहिली कंपनी म्हणून. तेव्हा केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, बाकी कर्नाटक, गोवा आणि केरळचा. पैशासाठी रोखेही विकले. आता उलटा प्रवास : भारतीय रेल्वेत विलीन करायला 2025 मध्ये महाराष्ट्राने होकार दिला.

फिरून माहेरी. टाटांची विमानसेवा सुरू झाली 1932 मध्ये, सरकारने ती घेतली 1953 मध्ये, आणि एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली 2022 मध्ये.

आणि नाक्यावरची मिनिडोर रिक्षा? शंभर टक्के खासगी, सरकारचा एक पैसा नाही. फक्त शेवटची सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. शेजारी वेळ झाली म्हणून एसटी सुटते. आत दोन आज्या आणि एक कोंबडी.