मूलपेशी आणि मनाचे औदासीन्य



आमच्या डोईफोडियातील एक शेतकरी मध्यंतरी शाळेत आले. हातात कुठल्याशा शहरी दवाखान्याचे गुळगुळीत पत्रक. म्हणाले, "सर, पोरगी दोन वर्षे धड जेवत नाही, बोलत नाही. पेशींच्या सुईने बरी होईल म्हणतात. केळीचे शेत गहाण टाकू का?"

प्रश्न उपचाराचा होता आणि शेताचाही. म्हणून थोडे खोलात जाऊ.

जी पेशी स्वतःसारखी दुसरी निर्माण करते आणि प्रसंगी निराळ्या कामाची पेशीही बनते, ती मूलपेशी. अस्थिमज्जेतील अशा पेशींपासून आपले रक्त अहोरात्र घडत असते. म्हणून रक्ताच्या कर्करोगात रोगट मज्जा नष्ट करून निरोगी पेशी शिरेतून सोडल्या, की त्या हाडांत जाऊन रुजतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात असे प्रत्यारोपण १९८३ सालीच झाले.

औदासीन्यात मात्र अमुक एक पेशी मेली, असे बोट ठेवून दाखविता येत नाही. मग आशा कशाची? मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा, स्मृतीशी निगडित भाग आहे. दीर्घकाळ औदासीन्य भोगणाऱ्यांत तो सरासरीने किंचित लहान आढळतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या या भागातील नव्या चेतापेशींची उत्पत्ती क्ष-किरणांनी थांबविली, तेव्हा औदासीन्यावरील औषधांचा गुण त्यांच्या वर्तनात दिसेना. प्रौढ माणसाच्या मेंदूत अशा पेशी कितपत जन्मतात, यावर मात्र शास्त्रज्ञांचा वाद आहे. दुसरी कल्पना अशी, की मूलपेशींतून स्रवणारी द्रव्ये शरीरातील दाह शमवितील. तीही अद्याप प्रयोगावस्थेतच आहे. शिवाय शिरेतून सोडलेल्या अशा पुष्कळशा पेशी फुप्फुसांतच अडकतात, हे पत्रकात कोण छापतो!

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मान्य रोगांखेरीज हा उपचार केवळ रीतसर चाचणीतच करता येतो. आणि चाचणीतल्या प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यावयाचे नसतात. मी त्या गृहस्थांना एवढेच विचारले, "ते पैसे मागतात ना?"

औदासीन्यावर आज औषधे आहेत, समुपदेशन आहे. औषधाचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यातच पुष्कळ घरी ते बंद पडते. १४४१६ हा टेलि-मानसचा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो मी त्यांच्या पत्रकामागेच लिहून दिला, आणि आम्ही दोघांनी शाळेतूनच फोन लावला.